मीठ सुटेपर्यंत

“ठोकू नका!” मी ओरडले, पण तोवर दिवाकर चहांदेनं हातोडी उचलली होती. ती त्याच्या खांद्याशीच थांबली.

“मॅडम, हलके ठोके देतो न एकदोन. अडकलं असन तर मोकळं होईन.”

“हलक्या ठोक्यांनी आतलं मीठ हलायचं नाही, आणि जोरात मारलंत तर यंत्राचा सांधा उघडेल. एकदा आत हवा शिरली की आठवडाभर आपण हात चोळत बसायचं. ठेवा ती खाली.”

त्यानं हातोडी जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. दिवाकर हा आमचा ऑपरेटर, माझ्याहून वयानं बराच मोठा. मी पुढं काय सांगते याची तो वाट पाहत होता, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. गरम करायचं आणि थांबायचं.

चंद्रपूरच्या बाजूला, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. तिथं मी देखभाल विभागात इंजिनिअर म्हणून लागले होते. मी मिरजेची. उन्हाळा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असा माझा समज होता. त्या मे महिन्यात तो गेला. सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. नळाला येणारं पाणी अंगावर घेववत नसे. दुपारी दाराची कडी धरायची तर पदर हाताभोवती गुंडाळावा लागे.

हॉस्पिटलच्या तळघरात इमारत थंड ठेवणारं यंत्र होतं, एखाद्या लहान बसएवढं. ते वाफेवर चालायचं. लाँड्रीसाठी बॉयलर दिवसभर पेटलेला असे, कोळसा तर दारातच होता, म्हणून बांधणाऱ्यांनी तसलं यंत्र बसवलं असावं. त्याच्या पोटात लिथियम ब्रोमाइड नावाच्या मिठाचं दाट पाणी फिरायचं. हे मीठ हवेतली, भोवतालची वाफ अधाशासारखी ओढून घेतं. यंत्राच्या एका कप्प्यात साधं पाणी, दुसऱ्यात हे मीठ, आणि आत हवा मुळीच नाही. मीठ वाफ ओढत राहतं, म्हणून साधं पाणी भराभर उडत राहतं, आणि उडता उडता गार पडतं. त्या गारव्यावर वॉर्ड थंड होत. मीठ जितकं दाट, तितकी त्याची ओढ मोठी. पण त्याला एक हद्द आहे. दाट मीठ त्या हद्दीपलीकडे थंड झालं की पाण्यात मावत नाही. पाइपातच गोठून दगड होतं. म्हणून यंत्र बंद करण्याआधी ते पातळ करून घ्यावं लागतं. हे काम यंत्र आपलं आपण करी, पण त्यासाठी त्याला वीज लागे.

त्या दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि लगेच त्याचा पट्टा तुटला. दिवाकरनं धावतपळत दुसरा पट्टा शोधून चढवेपर्यंत लाइन परत आलीही होती. पंप फिरू लागला. पण काचेत काही दिसेना. यंत्राच्या बाजूला तळहाताएवढी गोल काच होती. सगळं ठीक असलं की तिच्यातून मिठाचं पाणी वाहताना दिसायचं. ती कोरडी होती. एक्स्चेंजरला, म्हणजे गरम आणि गार मीठ एकमेकांशेजारून जातं त्या पेटीला, मी हात लावून पाहिला. वरची बाजू पोळत होती, खालची कोमट. मधे मीठ बसलं होतं.

भिंतीवरचा फोन वाजला.

“रोहिणी, जाळीतून गरम हवा येतेय.” डॉ. निखत सिद्दीकीचा आवाज होता. ती नागपूरची. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या आवारात एकाच क्वार्टरमध्ये राहायचो, सकाळचा चहा एका पातेल्यात करायचो. उष्माघात झालेल्या बायकांसाठी पहिल्या मजल्यावर जो वॉर्ड उघडला होता तो तिच्याकडे होता.

“मीठ बसलंय निखत. वीज गेली तेव्हा.”

“म्हणजे किती वेळ?”

“सांगता येत नाही.”

“अंदाजे सांग. तासभर?”

“तासाभरात नाही. संध्याकाळ होईल. कदाचित जास्त.”

मागं कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला, आणि एक बाई काहीतरी असंबद्ध बरळत होती.

“माझ्या वॉर्डाच्या खिडक्या उघडत नाहीत,” निखत म्हणाली. “छताला पंखे नाहीत. आत्ताच एक बाई आलीय, अंग नुसतं भाजतंय, घाम थांबलाय. मी बर्फ मागवलाय गावातून. ओपीडीतले पंखे आणतेय. पण खोलीच तापत चालली तर मी काय काय करू?”

“दुसरीकडे हलवता येणार नाही?”

“कुठं? जिल्ह्याच्या गावाला न्यायचं तर या उन्हात पत्र्याच्या गाडीतून. वाटेतच जाईल ती. तू तुझं कर.” आणि तिनं फोन ठेवला.

मी माझं करत होते. लाँड्रीतून वाफेची नळी खाली ओढली. एक्स्चेंजरभोवती गोणपाट गुंडाळलं आणि दिवाकरनं त्याच्यात वाफ सोडली. वाफ बेतानं सोडायची होती. एका जागी फार तापलं तर जोड तडकला असता. आधीच तापलेल्या त्या तळघरात आता वाफ कोंडली. श्वास घेताना ओलं फडकं तोंडावर धरल्यासारखं वाटत होतं.

वरून काचा फुटल्याचा आवाज आला. एक, मग आणखी. निखतनं खिडक्या फोडायला लावल्या होत्या.

त्याच सुमाराला तो माणूस दारात येऊन उभा राहिला. किडकिडा, चाळिशीचा असेल, डोक्याला दुपट्टा, पायांत टायरच्या चपला. कुणाला न विचारता तो एवढ्या आत कसा आला कोण जाणे.

“मशीन अठीच हाय का जी?”

“इथं यायला परवानगी नाही,” दिवाकर म्हणाला. “वर बसा तुमी.”

“वर आत जाऊ देत नाईत. बायायचा वॉर्ड हाय म्हनतात.” तो माझ्याकडे वळला. “माही बायको हाय तठी. मैना. मैना आत्राम. ते डॉक्टरीनबाई फोनवर बोलून राह्यली होती, खालची मशीन बंद पडली म्हनून. म्हटलं पाहून येतो.”

त्याचं नाव सुकरू. दोघं पहाटेपासून जंगलात बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडत होती. पानांचा भारा घेऊन परतताना ती मागं पडली. त्यानं वळून पाहिलं तर ती वाटेतच बसली होती आणि त्याला ओळखत नव्हती.

“मले म्हने, कोन हाय तू?” तो म्हणाला. “हसतच म्हने. मले वाटलं मस्करी करते.”

दिवाकरनं नळी दुसऱ्या हातात घेतली आणि खाली बघू लागला.

“काय झालं मशीनले?” सुकरूनं विचारलं.

मी सांगायला लागले आणि अडखळले. मग म्हणाले, “आत मीठ आहे. ते गोठलंय.”

“मीठ?”

“खातो तसलं नाही. पण मीठच. ते वाफ ओढतं, त्यानं पाणी गार होतं.”

तो जरा विचारात पडला. “पावसाळ्यात आमच्या घरी मिठाले पानी सुटते. मडक्यात राह्यलं तरी सुटते.”

“तेच. ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हे त्याच्याहून कितीतरी जास्त ओढतं.”

“मंग आता ओढून नाई राह्यलं.”

“नाही. दगड झालाय त्याचा.”

“मंग पानी टाका न त्याच्यात. इरघळन.”

“आत टाकता येत नाही. बाहेरून शेकायचं. आतलं आत सुटेल ते.”

“कधी?”

हा प्रश्न मला त्या दुपारी सगळ्यांनीच विचारला. हॉस्पिटलच्या सुपरिटेंडेंटनी दोनदा फोन करून विचारला, दिवाकरनं नजरेनं विचारला. त्यांना मी काहीबाही उत्तरं दिली. सुकरूला म्हणाले, “मला माहीत नाही.”

त्यानं मान हलवली. मग दुपट्टा सोडून कमरेला बांधला. “मले काही काम सांगा बाई. वर नुसतं बसवत नाई.”

दिवाकर नको म्हणून खुणावत होता. नियमानं मलाही नकोच म्हणायला हवं होतं. पण एक्स्चेंजरच्या खालच्या बाजूला वाफेची नळी पोचत नव्हती. तिथं गोणपाटावर उकळतं पाणी ओतत राहणं एवढाच उपाय होता, आणि आमचे हात अपुरे होते. मी त्याला बॉयलरजवळचा नळ दाखवला, बादली आणि तांब्या दिला. “हळूहळू ओता. एका ठिकाणी नाही, सगळीकडे. आणि मधूनमधून या काचेत बघत राहा. आत पाणी दिसलं की हाक मारा.”

तो कामाला लागला. बादली भरून आणायची, उकिडवं बसायचं, तांब्या तांब्या ओतायचा, वाकून काचेत बघायचं, परत जायचं. मी इतकी वर्षं यंत्रांच्या संगतीत काढली, पण इतक्या मायेनं लोखंडावर पाणी घालणारा माणूस पुन्हा पाहिला नाही. आजारी जनावराला शेकावं तसा तो त्या पेटीला शेकत होता.

एकदा थांबून म्हणाला, “वर तिच्या आंगावर बर्फाचं पानी टाकून राह्यले. अन् मी अठी याच्यावर गरम.”

“हं.”

“लवकर झालं पायजे.”

“हो.”

फोन वाजला की तो ओतायचा थांबे. प्रत्येक वेळी मी त्याच्याकडे पाठ करून बोलत असे. निखत वरून सांगत होती. पंखे आलेत, पण ते गरमच वारा मारतायत. बर्फ आला, अर्धा वाटेतच वितळून आला. ओल्या चादरी घातल्या की ताप जरा उतरतो, पुन्हा चढतो. एकदा म्हणाली, “तिला झटके येतायत.” एकदा नुसतंच, “अजून नाही का ग?”

“अजून नाही.”

“रोहिणी, खरं सांग. सुटेल ना आज?”

“आजपर्यंत प्रत्येक वेळी सुटलंय,” मी म्हणाले. हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या हातात असं मीठ कधी बसलं नव्हतं, आणि दिवाकरनंही एकदाच पाहिलं होतं, तेही हिवाळ्यात, जेव्हा कुणालाच घाई नव्हती.

मी पुन:पुन्हा एक्स्चेंजरला हात लावून बघत होते. गरम भाग इंच इंच खाली सरकत होता. मला सगळं समजत होतं. आत कुठं काय बसलंय, किती दाट आहे, किती तापल्यावर विरघळेल, हे मी कागदावर आखून दाखवू शकले असते. त्यातलं काहीही माझ्यासाठी जरासुद्धा लवकर होणार नव्हतं. वाफ वाढवावी असं दहादा मनात आलं. नळीच्या चावीवर हात जायचा आणि मी तो मागं घ्यायची. जोड गेला तर वॉर्डातल्या बाकीच्यांनाही उद्या, परवा, तेरवा गारवा मिळाला नसता.

“वाढवू का मॅडम?” दिवाकरनं विचारलंच.

“नाही.”

“थोडीशी?”

“नाही म्हटलं ना!” माझा आवाज चिरकला. सुकरूनं मान वर करून आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा तांब्या भरला.

बाहेर ऊन कलायला लागलं असावं. तळघराच्या झरोक्यातून येणारा पट्टा भिंतीवर चढत गेला. दिवाकरनं डब्यातून आणलेलं ताक तिघांत वाटलं. सुकरूनं आधी नको म्हटलं, मग घोटभर प्यायला. “मैनाले ताक लय आवडते,” म्हणाला. “पत्ता तोडाले जाताना नेत जा म्हनतो, तर म्हने, ओझं कोन नेईन.”

तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलला. निखतचा श्वास ऐकू येत होता.

“बोल,” मी म्हणाले.

“गेली ग ती.”

मी भिंतीला हात टेकला. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

“आत्ताच. खूप केलं आम्ही. तिचा नवरा खाली आहे ना? सिस्टर म्हणाली खाली गेलाय. पाठव त्याला वर. तू काही सांगू नको, मी सांगते.”

“बरं.”

मी फोन जागेवर ठेवत होते, आणि मागं सुकरू ओरडला.

“बाई! बाई, पानी आलं! काचीत पानी आलं!”

आणि ते खरं होतं. यंत्राच्या आत आधी खरखर झाली, वाळूचं पोतं कुणीतरी ओढावं तशी, आणि मग एक लांब घोट घेतल्याचा आवाज. कोरड्या काचेत खालून द्रव चढला, डुचमळला आणि वाहायला लागला. दिवाकरनं “सुटलं! सुटलं!” म्हणत नळी टाकली आणि सुकरूच्या पाठीवर थाप मारली. सुकरू उकिडवाच बसून होता, तांब्या हातात, तोंडावरून घाम निथळतोय, आणि तो हसत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याचे दात पाहिले.

“सुटलं न बाई?”

“सुटलं,” मी म्हणाले.

“आता गार होईन वर?”

“होईल. थोड्या वेळात.”

“डॉक्टरीनबाईचा फोन होता न? सांगतलं तुमी?”

मी दिवाकरकडे पाहिलं. त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्याचं हसणं विरलं, तो घाईघाईनं गोणपाट सोडायला वाकला.

“तुम्हाला वर बोलावलंय,” मी म्हणाले.

“शुद्धीवर आली का?”

मी नुसताच जिन्याकडे हात केला. त्यानं तांब्या बादलीत ठेवला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, केस हातानं नीट केले, आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. टायरच्या चपलांचा आवाज वरच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतर आम्ही दोघांनी यंत्र मार्गी लावलं. करण्यासारखं भरपूर होतं, आणि सगळं जमत होतं. मीठ वाहत होतं, पाणी गार पडत होतं, वर जाणाऱ्या पाइपांवर दव धरायला लागलं. दिवाकरनं एकदाही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

दिवस बुडायच्या सुमाराला निखत खाली आली. ॲप्रन ओला, चपलांना काचेचा चुरा लागलेला. ती उलट्या बादलीवर बसली. मी तिला प्यायला पाणी दिलं.

“सकाळसारखं गार असतं,” मी विचारलं, “तर?”

तिनं पेल्यातलं पाणी संपवलं. “माहीत नाही.”

“काहीतरी वाटत असेल ना तुला.”

“वाचलीही असती. आली तेव्हाच हाताबाहेर गेली होती, असंही असेल. मला नाही सांगता येत रोहिणी. तुला जसं सांगता येत नव्हतं ना, किती वेळ लागेल, तसंच.”

आम्ही पुढं बरीच वर्षं एकमेकींना पत्रं लिहिली, तिच्या मुलीच्या लग्नाला मी नागपूरला गेले. पण हा प्रश्न मी पुन्हा काढला नाही, तिनंही नाही. मला तेव्हा वाटायचं की अनुभव वाढला की कधीतरी उत्तर सापडेल. आता मी निवृत्त झालेय. यंत्रांबद्दल मला खूप कळतं.

निखत वर गेली आणि थोड्याच वेळात जिन्यावर पुन्हा त्या चपला वाजल्या. या वेळी हळू, एकेक पायरी.

मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सुकरू दारातच थांबला. डोळे लाल होते, पण आवाज शांत.

“गाडी भेटली जी. गावचेच लोक आले हायेत. नेतो तिले.”

“सुकरूभाऊ, मी तुम्हाला…”

“तुमी फोन घेतला तवाच गेली होती न ते?”

मी मान हलवली.

त्यानंही हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो तसाच उभा राहिला, जावं की थांबावं हे ठरत नसल्यासारखा. दिवाकरनं पुढं होऊन त्याच्या दंडाला हात लावला.

“फुटक्या खिडक्यायले पुठ्ठे लावले, अन् लय गार झालं वर,” सुकरू म्हणाला. “एकदम. मी तिच्याजवळ बसलो होतो तवा आंगावर काटा आला. तिच्या बाजूच्या खाटेवर एक आजी हाय, तिले तर हुडहुडी भरून राह्यली होती. पांघराले मांगे, तं कोनी लक्ष देऊन नाई राह्यलं. सारे मैनाजवळ होते.”

त्यानं कमरेचा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला.

“मैनासाठी मी येताना वाटेत घरून चादर आनली होती. धुतलेली, घडीचीच होती. तेच देली मंग आजीले. पायापासून गळ्यालोक गुंडाळून देली. आता झोपली ते.”

बाहेरून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. तो वळला, दोन पायऱ्या चढला, आणि तिथूनच म्हणाला,

“आता बंद नोका पडू देऊ जी.”